बिनहलव्याच्या दुरड्या

सोमवार, २६ डिसेंबर १९४९

प्रमिलेनं आज विषय काढलाच. भांडी विसळता विसळता, माझ्याकडं न बघता. "वहिनी, छबूची पहिली संक्रांत. बोरन्हाण करायचं म्हणतात हे. तुम्हाला चालेल ना?"

चालेल ना! दिराची मुलगी, दिराची हौस, आणि विचारायचं मला. घरात सगळे माझ्याशी असंच बोलतात — काचेची बरणी फळीवरून काढल्यासारखं.

मी म्हटलं, "करा की. पण हलवा नको. बोरं नकोत, उसाचे तुकडे नकोत, बत्तासे नकोत, गोळ्या नकोत. घशात जाईल असं काही म्हणजे काही नको."

ती थांबली. "मग बोरन्हाण कशाचं, वहिनी?"

खरंच, मग कशाचं? धुणं काढायचं निमित्त करून अंगणात आले. दोरीवर वाळत घातलेलं काही नव्हतंच.

बुधवार, २८ डिसेंबर

इथं कुणाची चोरी? लिहूनच टाकते एकदा.

दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीलाच, दिगूचं बोरन्हाण होतं. माझा दिगू. अंगात काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात हलव्याचीच बासरी. दोन दिवस जरा पडसं होतं, आवाज बसला होता, अंग किंचित कोमट. मी म्हणत होते, पुढं ढकलू, रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालतं. अक्का म्हणाल्या, "पडशाला काय भ्यायचं? बायका बोलावून झाल्यात."

अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं. सासूबाई गेल्यावर ह्यांना आणि माधवभावजींना त्यांनीच वाढवलं. घर त्यांचंच होतं म्हणायचं.

डोक्यावरून बोरं-हलवा ओतला. पोरं तुटून पडली. दिगू रडायला लागला. अक्कांनी त्याला कडेवर घेतलं आणि गप्प करायला हलव्याचा एक दाणा तोंडात घातला. तो खोकला. तो आवाज! फुटक्या पितळी भांड्यावर दगड घासावा तसा. मग श्वास आत ओढायला लागला, आणि आत काही जाईना. ओठ निळे. अक्काच त्याला छातीशी धरून डॉक्टरांकडं धावल्या. मला बायकांनी धरून ठेवलं — का धरलं कुणास ठाऊक, मी काय करणार होते?

परत आल्या तेव्हा पदराखाली तो गप्प होता. अक्का उंबऱ्यात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "हलवा अडकला. मीच घातला."

हे तेव्हा कामानिमित्त पन्हाळ्याला. आले तोवर पोराला पंचगंगेकाठी ठेवून झालं होतं.

पुढं पंधरवड्यात दिल्लीतल्या त्या खुनाची बातमी आली आणि गावात जाळपोळ झाली. डॉक्टरांचंही घर गेलं, ते पुण्याला निघून गेले. ज्याचं त्याला रडायला होतं, एका पोराचं कोण विचारतं! मी ह्यांना सांगितलं, "ह्या घरात एक तर अक्का राहतील, नाहीतर मी." अक्का एक ट्रंक घेऊन गारगोटीला चुलतभावाकडं गेल्या. उलट शब्द नाही. मला त्या गप्प बसण्याचाही राग आला.

अजून आहे.

रविवार, १ जानेवारी १९५०

साखरटंचाई माझ्या कामी आली! दुकानात साखर नाही, रेशनवर मिळते ती चहाला पुरत नाही. माधवभावजी चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी म्हणतात तेच बरं. हलव्याला साखर आणायची कुठनं? रुद्राप्पाच्या दुकानात नुसत्या गुळाच्या ढेपा."

प्रमिलेचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं. पोरांना लुटायला तर काहीतरी हवंच. मग सुचलं — लुटू देत, पण खेळणी. प्रत्येक पोराला एक छोटी दुरडी. तिच्यात त्याच्या हाताला, गालाला, कानाला जे आवडेल ते. तोंडात घालायचं काही नाही.

प्रमिला म्हणाली, "करून बघू." हसली नाही, पण म्हणाली.

मंगळवार, ३ जानेवारी

दुपारी पुन्हा ऐकला. तो खोकला. माजघरातून. उठून बघितलं — कुणी नाही. छबू पाळण्यात गाढ, श्वास अगदी स्वच्छ. परत येऊन बसले तर पुन्हा.

ह्यांना सांगत नाही आता. पूर्वी सांगत असे. हे म्हणत, मांजर असेल.

शुक्रवार, ६ जानेवारी

बुरूडगल्लीत धोंडुबाईकडं गेले होते. दारातच कामट्या सोलत बसली होती. मी मापं सांगितली तर हातातला कोयता खाली ठेवून हसायला लागली.

"एवढ्या एवढ्याशा? ह्यात काय कोंबडीची पिल्लं घालणार व्हय वैनी?"

"लहान मुलांना द्यायच्यात. संक्रांतीला. आत खेळणी घालून."

"आन् खाऊ?"

"खाऊ नाही."

"अगं बया! संक्रांतीची दुरडी आन् त्यात खाऊ न्हाय! पोरं तुमच्या नावानं शिमगा करतील की!" गल्लीला ऐकू जाईल असं बोलते ती. समोरच्या दारातल्या दोघी बघायला लागल्या. मी म्हटलं, "काठ नीट बांध. कामटीचं टोक वर आलेलं चालणार नाही."

तेव्हा तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग आवाज खाली आला. माहीत आहे सगळ्यांना.

"घासून देतो बगा. गालाला लावलं तरी टोचायचं न्हाय," म्हणाली. आणि मी वळल्यावर मागून, "येत जावा की वैनी. बसत जावा. घरात बसून तरी काय करता?"

मंगळवार, १० जानेवारी

चार दिवस शिवतेच आहे. जुन्या चंद्रकळेचे चेंडू, आत पिंजलेला कापूस. चिंध्यांच्या बाहुल्या — डोळ्यांना मणी नाहीत, दोऱ्याचेच टाके. कातारी बसतो तिथून लाकडी वाट्या आणि लहान डाव करून आणले. तो म्हणाला, लाल-पिवळा रंग देतो, झकास दिसेल. नको म्हटलं. पोरं चाटतात. नुसतं तेल पाजून घेतलं. ताडपानाचे खुळखुळे किती सुरेख होते! पण हलवून बघितलं तर आत खडे. परत केले. त्याऐवजी रेशमी चिंध्यांचे झुबके केले, हातात धरले की सळसळतात.

प्रत्येक वस्तू दिगूच्या मनगटीतून घालून बघते. चांदीची आहे, एवढीशी. तिच्यातून जे आरपार जाईल ते बाद.

हे कचेरीतून आले ते दारातच थबकले. मनगटी माझ्या हातात. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. टोपी खुंटीला अडकवली, येऊन बसले, एक बाहुली उचलली. बराच वेळ धरून बसले. मग म्हणाले, "हिला नाक नाही."

मी नाक काढून दिलं.

दुरड्या भरून भिंतीशी मांडल्या. बोलावलेल्या पोरांपेक्षा एक जास्त निघाली. कमी केली नाही.

शनिवार, १४ जानेवारी. संक्रांत

काय करून बसले मी!

सकाळी आजऱ्याहून प्रमिलेच्या आईनं माणसाबरोबर डबा पाठवला. वर काजू, खाली पातळ कागदात गुंडाळलेले हलव्याचे दागिने. छबूच्या मापाचे. हार, बांगड्या, बिंदी, कमरपट्टा. म्हाताऱ्या बाईनं कुठून साखर जमवली असेल, किती दिवस शेगडीशी बसून एकेका दाण्यावर काटा चढवला असेल! प्रमिला वेडी झाली आनंदानं. तिथंच छबूच्या गळ्यात हार घालून बघितला. छबूनं काय करावं? हार उचलला आणि तोंडात!

पुढचं मला नीट आठवत नाही. हार माझ्या हातात होता. डबाही. न्हाणीघरात घंगाळात ऊन पाणी होतं. सगळं त्यात. पांढरं पांढरं विरघळलं, आणि तीळ तेवढे वर आले. काळे ठिपके, गोल गोल फिरणारे. मी बघत उभी. प्रमिला दारात.

ती ओरडली नाही. "माझ्या आईनं केले होते," एवढंच म्हणाली.

तिळगूळ कुणी कुणाला दिला नाही आज.

रविवार, १५ जानेवारी

प्रमिला बोलत नाही. बरोबरच आहे.

हे म्हणाले, मी बोलतो तिच्याशी. तेही बोलले नाहीत.

बुधवार, १८ जानेवारी

प्रमिला आपणहून आली. मी दुपारची एकटीच बाहुल्यांना टोपडी शिवत होते. समोर बसली. सुई ओवून दिली. दुसरी ओवून दिली. मग म्हणाली, "मागितले असते तर मीच दिले असते, वहिनी. पाण्यात कशाला?"

मला वाटलं उठून जाईल. पण तिनं विचारलं, "दिगू कसा होता दिसायला?" तिचं लग्न त्याच्यानंतरचं. तिनं त्याला बघितलंच नाही.

दोन वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं! सगळे त्याचं नाव चुकवतात. मी सांगत सुटले. डाव्या गालावर खळी. "पाणी" म्हणता येत नसे, "पापी" म्हणायचा, आणि पाहुण्यांसमोर "पापी दे" म्हणून माझ्यामागं लागायचा. प्रमिला हसली. मीही हसले. मग दोघी रडलो. टोपडं उसवायला लागलं माझं, सगळे टाके वाकडे.

ठरलं — रविवारी बोरन्हाण. दागिने शेवंतीचे. वरून ओतायला नुसत्या पाकळ्या.

रविवार, २२ जानेवारी

झालं! किती छान झालं!

छबू पाटावर काळ्या झबल्यात, गळ्यात पांढऱ्या शेवंतीचा हार, हातात शेवंतीच्या पोंच्या. मधासारखी गोड दिसत होती. प्रमिलेनं आणि मी दोघींनी मिळून सुपातून पाकळ्या ओतल्या. छबू आधी दचकली, मग वर बघून टाळ्या. बायका कुजबुजत होत्या, हे कसलं बोरन्हाण, ना बोर ना हलवा. पण दुरड्या मधे ठेवल्या आणि पोरांनी जी धाड घातली! कुणी दुरडीच डोक्यावर घातली, कुणी डाव घेऊन शेजारच्याला बडवलं. चेंडू ह्याच्या हातातून त्याच्या हातात, ह्याच्या तोंडातून त्याच्या तोंडात. तानाबाई दूध घालते आमच्याकडं, तिचा नातू गळ्याला फडकं गुंडाळून आला होता, शेंबूड गळत होता, पण सगळ्यांत दांडगा तोच. छबूची बाहुली त्यानं हिसकावली, छबूनं त्याची ओढली. तानाबाई म्हणाली, "लई ग्वाड खेळ काढलासा वैनी. खाऊ संपतो, ह्ये र्‍हातंय."

मी सबंध वेळ पोरांची तोंडं बघत होते. कुणी खोकलं नाही. एकही नाही.

एक गोष्ट मात्र झाली. सगळी पोरं गेल्यावर केर काढताना मधल्या दाराशी तो बसलेला वाटला. पाठमोरा. काळं झबलं. मी केरसुणी टाकली तर दाराशी शेवंतीच्या पाकळ्यांचा ढीग नुसता.

जास्तीची दुरडी रिकामी होती. कुणी नेलं ते विचारलं नाही.

गुरुवार, २६ जानेवारी

आजपासून आपण प्रजासत्ताक. सकाळपासून बँड, झेंडे, पेढे. माधवभावजींनी छबूला खांद्यावर घेऊन मिरवणूक दाखवली. परत आली ती किरकिरी होऊन. आवाज बसलाय. गर्दीत फार ओरडली म्हणे.

शुक्रवार, २७ जानेवारी

दुपारी तोच खोकला. दोनदा. आज उठून बघायला गेले नाही. तिथं कुणी नसतं.

रविवार, २९ जानेवारी

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून पेन्सिलीनं लिहिते आहे.

काल सकाळी चुलीशी होते. खोकला आला. माजघरातून नाही — माझ्या मागून. वळले. छबू प्रमिलेच्या कडेवर. आणि तो आवाज तिच्या तोंडातून! फुटक्या पितळी भांड्याचा. मी उभीच राहिले. म्हणजे परवा दुपारचा — तो दिगू नव्हता. तो ही होती. आणि मी बसून राहिले!

प्रमिला म्हणाली, "सर्दी आहे जरा. ओवा जाळून शेकते."

मी छबूला तिच्याकडून ओढूनच घेतलं. श्वास आत घेताना गळ्याखाली खळगा पडत होता. दिगूचा पडला होता तसाच. हे म्हणाले, "अगं, काही खाल्लंय का तिनं?" मी म्हटलं, "काही नाही खाल्लं! हाच तो खोकला! चला!" टांगा मिळेपर्यंत मी चालायलाच लागले होते. अनवाणी. माधवभावजी मागून पळत आले.

थोरल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. चमच्यानं जीभ दाबून, बत्ती धरून घशात बघितलं. मलाही दिसलं — आत राखी-पांढरा पापुद्रा, दुधावरच्या सायीसारखा. डॉक्टर म्हणाले, "घटसर्प." नर्सला हाक मारली. सुई दिली. श्वास नाही सुधारला तर गळ्याला छेद द्यावा लागेल म्हणाले. प्रमिला भिंतीला टेकून खालीच बसली.

सगळा दिवस मी छबूच्या छातीकडं बघत काढला. छेद द्यावा लागला नाही.

डॉक्टर आज सकाळी आले. "वेळेवर आणलंत. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. लोक सर्दी म्हणून घरीच ठेवतात. तुम्ही कसं ओळखलंत?"

मी म्हटलं, "मी ऐकलाय हा खोकला. माझ्या मुलाचा. पण त्याला हे नव्हतं. त्याच्या घशात हलवा अडकला होता."

त्यांनी सगळं विचारून घेतलं. ताप होता का. थोडा. आवाज? दोन दिवस आधीपासून बसलेला. गिळताना रडायचा का? हो. हो. रडायचा. त्यांनी कानातली नळी काढून हातात घेतली.

"बाई, हलव्याचा दाणा अडकायच्या आधी दोन दिवस आवाज कशाला बसेल? तिळाएवढा दाणा, तोंडात विरघळतो. त्याचा घसा आधीच बंद होत आला होता. हलवा दिला नसता तरी —"

बाहेर येऊन बसले आहे. कावळे ओरडताहेत. हलवा नव्हता. हलवा नव्हताच.

सोमवार, ३० जानेवारी

तानाबाईचा नातूही इथंच आहे, पलीकडच्या खाटेवर. त्यालाही सुई दिली. तो वाचेल म्हणतात. त्याला आधी झालं. डॉक्टर म्हणाले, पोरं एकत्र खेळली असतील, एकमेकांचं तोंडात घातलं असेल, तिथनंच.

प्रमिलेनं ते ऐकलं. व्हरांड्यात माझ्यासमोर आली, डोळे सुजलेले. "तुमच्या त्या खेळण्यांनीच! हलवा नको, बोर नको, आणि हे —" मग तोंडावर हात घेतला.

चेंडू मी शिवले. बाहुल्या मी शिवल्या. मनगटीतून एकेक घालून बघितली, आणि जे आत गेलं ते मनगटीनं मोजता येणारं नव्हतंच.

उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या अक्का आठवल्या. पदराखाली माझं पोर. "मीच घातला." आणि मी त्यांना काय म्हटलं होतं तेही आठवलं. शब्द न् शब्द.

गुरुवार, २ फेब्रुवारी

छबू उठून बसली. मऊ भात खाल्ला. प्रमिलेनं तिला माझ्या मांडीवर आणून ठेवलं आणि माझ्या खांद्याला डोकं टेकून बसली. "त्या दिवशीचं मनावर घेऊ नका, वहिनी. तुम्ही नसता तर —" मी म्हटलं, गप्प बस.

घरची सगळी खेळणी ह्यांनी अंगणात जाळली. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मी बघायला गेले नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं, रविवारी गारगोटीला जाणार. हे म्हणाले, "मी येऊ?" नको म्हटलं.

रविवार, ५ फेब्रुवारी. गारगोटी

मोटारीत बसून नुसती वाक्यं जुळवत होते. एकही नीट जुळलं नाही.

अक्का ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. किती वाळल्यात! हात तेवढे तसेच. मला बघून सूप बाजूला ठेवलं, उठायला लागल्या. पहिला प्रश्न, "सगळी बरी आहेत ना?" मी छबूचं सांगितलं. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले त्यांनी. "बरी आहे ना आता? भात खाल्ला? मग बरी आहे."

मी त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, "अक्का, डॉक्टर म्हणाले, दिगूला घटसर्प होता. हलवा नव्हता. तुमचा काही दोष नव्हता. मी तुम्हाला घराबाहेर काढलं. दोन वर्षं —"

अक्कांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. एक खडा काढला. ओसरीखाली टाकला.

"ठाऊक आहे की मला," म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. "काय ठाऊक आहे?"

"घटसर्प. डॉक्टरांनी तेव्हाच घसा बघून सांगितलं होतं. पोर त्यांच्या टेबलावर होतं." आणखी एक खडा. "चहा टाकू का तुला? लांबून आलीस. चपला कुठल्या घातल्यास ह्या? पाय सोलवटून निघालेत."

मग का नाही सांगितलंत? का? मी विचारत राहिले, त्या उठून आत चहा टाकायला गेल्या. त्या घरातली पोरंबाळं भोवती होती, पुढं काही बोलणं झालं नाही. एवढंच म्हणाल्या, "छबूला बघायला येते. चार दिवस. राहायला नाही."

मंगळवार, ७ फेब्रुवारी

अक्का घरात आहेत. हे काल त्यांना टांग्यातून उतरवताना लहान मुलासारखे रडले. अक्का म्हणाल्या, "अरे, बाजारात उभा आहेस!" आत आल्या आल्या पदर खोचून चुलीतली राख काढायला बसल्या. जणू कालच गेल्या होत्या.

छबू त्यांच्या मांडीवरून उतरत नाही. घसा अजून घोगरा आहे. तिला हसताना पाहून अक्कांनी दोनदा तोंड फिरवलं.

दोन वर्षं ही बाई परक्याच्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. एक वाक्य बोलली असती तर मी तिला कशी जाऊ दिली असती? ते वाक्य तिच्याजवळ होतं. घेऊन बसली. माझी शिक्षा म्हणून? पण तिच्या तोंडावर शिक्षेचं काही दिसत नाही. माझ्या पायाला हळद लावून देते आहे.

दुपारी घर निजलं. मी कान देऊन बसले होते. काही ऐकू आलं नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

अक्कांना गाठलंच आज. अंगणात त्या वाती वळत होत्या. म्हटलं, सांगितल्याशिवाय उठू देणार नाही.

"डॉक्टरांनी विचारलं होतं," त्या म्हणाल्या, "पोर कुठं परगावी गेलतं का?"

गेला होता. संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात मीच त्याला घेऊन कुरुंदवाडला गेले होते. माहेरी. दादाच्या धाकट्याचा घसा धरला होता, जेवत नव्हता. दिगू शेजारी बसला की जेवायचा, म्हणून दोघांना एका ताटात बसवलं. एकाच हातानं भरवलं. मी.

अक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला. कापूस चिकटलेला.

"हलवा मला पेलत होता, श्यामे. कुरुंदवाड तुला पेललं नसतं."